कुत्र्याचे पाय आणि घरातली फरशी

आमच्या घरात फरशी आली २००१ साली. तोवर घराला भुई होती. हे साल माझ्या ध्यानात राहिलं ते कुत्र्यामुळं. फरशी बसून पंधरा दिवसही झाले नव्हते. मृगाचा पहिला धो-धो पाऊस झाला आणि आमचा टिप्या खाचरातनं उठून थेट घरात शिरला. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर त्याची लाल पावलं उमटली. देव्हाऱ्यापुढं उभं राहून त्यानं अंग झाडलं. भिंतीवर, टीव्हीवर, आमच्या म्हातारीच्या लुगड्यावर, सगळीकडं शिंतोडे.

बायको म्हणाली, "ह्याला आधी धुवा, मंग घरात घ्या."

मी तेव्हा चाळिशीचा होतो. घरात कुत्रं नाही असं एक वर्ष मला आठवत नाही. पण घरात घ्यायचं म्हणून कुत्रं धुवायचं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. म्हातारी तिकडून म्हणाली, "त्याच्या पायाला चिखल आज लागला व्हय? जलमाचाच हाय की." दोघींचंही खरं होतं. चिखल तोच होता, कुत्रंही त्याच वळणाचं. बदललं होतं ते घर.

आमचं बेडसे पवन मावळात. वरती लेणी, खाली भाताची खाचरं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडं त्याहून कमी, पण आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही एवढा पडतोच. आमच्याकडं चिखलही दोन जातींचा. डोंगराच्या अंगाला तांबडा, मुरमाड. तो अंगाला चिकटतो पण वाळला की भुगा होऊन पडतो. खाचरातला मात्र काळपट आणि लोण्यासारखा. भाताच्या आवणीआधी चिखलणी करतात, म्हणजे खाचरात पाणी कोंडून ते नांगरानं पुन्हा पुन्हा ढवळतात. त्यानं मातीचा कण इतका बारीक होतो की पाणी खाली मुरत नाही. भाताला तेच पाहिजे असतं. पण हाच बारीक कण कुत्र्याच्या केसांच्या बुडाशी जाऊन बसतो. वरनं पाणी ओतलं तर वरचा जातो, आतला राहतो. ओला असताना चोळला तर आणखी आत जातो. हे मला कळायला टिप्याच्या पाठीवरचे दोन पावसाळे गेले.

जुन्या घराचं सांगतो. पुढं पडवी, पडवीच्या एका अंगाला गोठा, मग माजघर, त्याच्या मागं चूल. जनावरं आणि माणसं एकाच छपराखाली, मधी फक्त गव्हाण. एवढ्या पावसात जनावरं लांब बांधून चालत नाही, म्हणून मावळातली घरं अशीच असायची. पडवीत इरली टांगलेली, घोंगड्या निथळत असलेल्या, कोपऱ्यात पेंढा. आवणीवरनं आलेली दहा माणसं चिखलानं मांडीपर्यंत भरलेली तिथंच बसून भाकरी खायची. भुई शेणानं सारवलेली. तिच्यावर चिखल पडला तर वाळायचा आणि केरसुणीनं निघायचा. खळगा पडला तर त्याच मातीनं बुजवायचा. सारवणाच्या भुईला चिखल परका नव्हता, ती त्याच्याच जातीची. कुत्र्याची जागा पडवीत, पेंढ्यावर. माजघराचा उंबरा ते ओलांडत नव्हतं. ओलांडलाच तर आजीची फुंकणी तयार असायची.

पहाटे मात्र ते चोरून चुलीपाशी जायचं आणि उबदार राखेत लोळायचं. आजी उठली की राखाडी रंगाचं कुत्रं बाहेर पळताना दिसायचं. तेव्हा मला वाटायचं ते थंडीनं जातं. थंडी तर होतीच, पण राखेनं अंगावरची ओल शोषली जाते, चिखल सुटतो, पिसवाही कमी होतात. कोंबड्या धुळीत अंग घोळतात ते याचसाठी. आमचं कुत्रं रोज आंघोळ करत होतं, फक्त पाण्यानं नाही.

आमच्या रीतीत कुत्र्याला आंघोळ नव्हती, पण मान होता, हे विसरू नये. पोळ्याला बैल धुतो, वसुबारसेला गाय-वासरू ओवाळतो, म्हशीला तर रोज ओढा. कुत्र्याचा दिवस म्हणजे चंपाषष्ठी. खंडोबाची तळी भरली, वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यातला घास कुत्र्याला घालायचा. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकावरही घोड्याच्या पायाशी कुत्रं असतं. दत्ताच्या तसबिरीत चार. नामदेव महाराजांची गोष्ट तर आमच्या माळकरी घरात पोराला बोलता येण्याआधी सांगतात. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या समाधीपाशी त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं शिकारीत महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान होता असं सांगतात. नेपाळात तर दिवाळीच्या वेळच्या तिहार सणात एक अख्खा दिवस कुत्र्यांचा असतो, त्यांना हार घालतात, टिळा लावतात.

या सगळ्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो. तूप आहे, पालखी आहे, हार आहे. पण चिखलाचं कुत्रं कुणी दारात बसवून धुतल्याची गोष्ट मला एकही ऐकायला मिळाली नाही. देवाला ते चालत होतं, राजाला चालत होतं, पण उंबऱ्याच्या बाहेर. आत घ्यायचंच नव्हतं तर धुवायचं कशाला?

एकदा आम्ही पोरांनी धुतलं होतं, ते सांगायला पाहिजे. मी तिसरी-चौथीत असेन. गुरं घेऊन आम्ही लेण्यांच्या अंगाला जायचो. बरोबर कुत्रं होतं, ते घुशीच्या बिळात डोकं घालून चिखलानं माखलेलं. लेण्यांपाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आम्ही पोढी म्हणतो. पाणी गार, निवळशंख. आम्ही कुत्र्याला चारी पायांनी धरलं आणि पोढीत सोडलं. पाणी क्षणात लाल झालं. कुत्रं कसंबसं काठ धरून बाहेर आलं आणि आम्ही हसत बसलो. तेवढ्यात एक म्हातारे गुराखी आले. त्यांनी काठीनं आम्हाला झोडलं. कुत्र्याला हातही लावला नाही. म्हणाले, "ते मुकं हाय, तुमाला कळत नाय? ह्ये प्याचं पाणी हाय."

पुढं कितीतरी वर्षांनी लेणी बघायला आलेल्या एका अभ्यासू माणसाकडनं कळलं की तिथल्या एका टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत लेख आहे. महाभोजाची मुलगी, महारठिणी सामडिनिका, हिनं दिलेलं ते दान. म्हणजे दोन हजार वर्षांमागं एका बाईनं डोंगरात कुणाला तरी प्यायला पाणी मिळावं म्हणून खडक फोडून घेतला, आणि आम्ही त्यात कुत्रं बुचकळलं. आम्ही बुचकळलं ते नेमकं तेच टाकं की शेजारचं, हे आता कुणाला सांगता येणार? चैत्याच्या खांबांवर हत्ती आहेत, घोडे आहेत, बैल आहेत, वर बसलेली माणसं आहेत. मी बऱ्याचदा मान मोडेपर्यंत बघितलं, कुत्रं काही दिसलं नाही. पायऱ्यांवर मात्र रोज असतं.

साबण आमच्याकडं कुत्र्यासाठी पहिल्यांदा आला तो मुंबईहून. मावळ, खेड, जुन्नर या भागातली माणसं डबे पोचवायला मुंबईला जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं, तेव्हापासून आमच्याकडची पिढीजात वाट पडली. माझे एक चुलते दादरला डबे पोचवायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. दरवर्षी जत्रेला गावी आले की मुंबईच्या गोष्टी. एका वर्षी त्यांनी सांगितलं, पारशी कॉलनीत एका घरी कुत्र्याला कोमट पाणी काढतात, टॉवेलनं पुसतात, त्याचा टॉवेल वेगळा. सगळी पडवी हसली. आजी म्हणाली, "तुमच्या मुंबैला माणसाला न्हाणी न्हाय आन् कुत्र्याला टावेल." आबांचं खोटं नव्हतं. ते स्वतः चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत बारा जणांबरोबर राहायचे. त्यांनी पिशवीतनं लाल साबणाची अर्धी वडी काढली आणि म्हणाले, ही आपल्या मोत्याला. आईनं ती उचलली आणि न्हाणीत ठेवली. महिनाभर आम्ही पोरं ती लावत होतो. मोत्यापर्यंत पोचलीच नाही.

त्या मोत्याच्या पोटचाच पुढचा मोत्या. त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं बरीच वर्षं ठरवलं होतं.

१९८५ चा श्रावण. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. मोत्या पाच वर्षांचा, बिबट्याला गोठ्यापासून हुसकावलेला. त्या वर्षी गोचीड फार झाले. कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेला द्राक्षासारखे लोंबायचे. आधी घरचे उपाय केले. करंजाचं तेल, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, तंबाखूचं पाणी. (जुने उपाय सगळे निर्धोक असतात असं हल्ली कुणी कुणी म्हणतात. तंबाखूचं पाणी निर्धोक नाही. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो.) फरक पडेना. घरात बीएचसीच्या भुकटीची पिशवी होती, भातावरच्या लष्करी अळीसाठी आणलेली. त्या काळात ती भुकटी सगळीकडं वापरात होती. कोंबड्यांच्या खुराड्यात, ढेकणांसाठी बाजल्याला, गुरांच्या पाठीवर. कुणी विषासारखी वागवत नव्हतं.

मोत्या खाचरातनं भिजून आला होता. मी त्याला पडवीत धरलं आणि मूठभर भुकटी चिखलाच्या ओल्या अंगावरच चोळली. बरी चिकटली म्हणून समाधानही वाटलं. मग बांधून ठेवला आणि शेतावर गेलो.

कुत्रं स्वतःला धुतं ते जिभेनं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, रोज बघत होतो. पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. ओला चिखल अंगाला खाजला, त्यानं दिवसभर बसून चाटून काढला. चिखलाबरोबर भुकटी पोटात गेली. चारच्या सुमारास घरनं निरोप आला. येऊन बघतो तर तोंडाला फेस, पाय ताठ, अंगाला झटके. ताक पाजलं, ते आत गेलं नाही. डॉक्टर कामशेतला, ओढ्याला पूर. दिवेलागणीला तो गेला. बायकोनं विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "पिशवीवर काय लिवलंय वाच." मी दहावीपर्यंत शिकलेला, घरातला एकटा वाचणारा. पिशवीवर लिहिलेलं होतं.

बीएचसीवर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. ती पिकातनं, दुधातनं माणसाच्या अंगात साठते म्हणून आली. कुत्र्यांसाठी कुणी बंदी घातली नाही.

त्यानंतर आमच्या शेतीत आणि घरात भराभर फरक पडत गेले. वडगावच्या भात संशोधन केंद्राचं इंद्रायणी १९८७ साली आलं, तांदळाला पैसा आला. मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला, कामशेतचे बोगदे झाले. पवना धरणाच्या काठानं बंगले उठले. कुणी जमीन विकली, कुणी बंगल्यांवर कामाला लागलं. घरं सिमेंटची झाली. नवीन घर बांधताना आम्ही दोन गोष्टी एकदम केल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. फरशी घातली आणि पडवी काढली. गोठा मागं पत्र्याच्या शेडमध्ये गेला. आता दार उघडलं की थेट हॉल. मधी कुठं थांबायला जागाच नाही. माणसालाही नाही, कुत्र्यालाही नाही. एकतर रस्ता, नाहीतर पांढरी फरशी. जुन्या घरात पाच पावलांत चिखल आपोआप गळायचा, ती पाच पावलंच नाहीशी झाली. चूलही गेली. गॅसला राख नसते.

गावातल्या बऱ्याच घरांनी यावर सोपा उपाय काढला, कुत्रं रस्त्यावर ठेवलं. भटकी कुत्री वाढली म्हणून ग्रामसभेत ओरड होते, तेव्हा मला या काढलेल्या पडव्या दिसतात. सगळं त्यामुळंच झालं असं नाही, कचरा वाढला हेही आहे. पण घराचं कुत्रं रस्त्याचं कसं झालं, यात पडवीचा वाटा आहे.

धुवायचं कसं हे मला शिकवलं एका बंगल्यावरच्या माळीदादांनी. त्या बंगल्यावर लॅब्राडोर होता. जाडजूड, पाण्याचा वेडा. त्या जातीला दोन थरांची लव असते, वरची राठ आणि आतली मऊ. चिखल आत शिरला की दोन दिवस वास मारतो. माळीदादा त्याला आल्याबरोबर पाण्याखाली धरत नसत. आधी बारदानावर उभा करायचे, निथळू द्यायचे, नुसतं टिपायचे, चोळायचे नाहीत. चिखल वाळला की ब्रश फिरवायचा, निम्मा तिथंच गळतो. मग उरलेल्याला कोमट पाणी, मानेपासून खाली. डोक्यावर सरळ तांब्या ओतायचा नाही, कानात पाणी गेलं की कान सडतो. शेवटी पाय, एकेक करून घमेल्यात. बोटांच्या मधी खडा अडकलेला असतो, गोचीड लपलेला असतो, कुसळ रुतलेलं असतं, बोट घालून बघायचं. मी त्यांना विचारलं, साबण? ते म्हणाले, रोज नको, महिन्यातनं एखादवेळ, तोही कुत्र्याचा. माणसाच्या साबणानं त्याच्या कातडीचं तेल जातं आणि मग खाजवत बसतो. धुण्याची पावडर तर कधीच नको. साबण लावला की पाणी स्वच्छ निघेस्तोवर धुवायचं, कारण राहिलेलं ते चाटणार.

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी मान खाली घालून ऐकलं.

एक गोष्ट माळीदादांना माहीत नव्हती, ती मला सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितली. खाचराच्या बांधाला घुशी-उंदीर असतात, त्यांचं मूत पाण्यात मिसळतं, त्यातनं लेप्टो होतो. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, त्यानंतर या रोगानं तिथं माणसं गेली. कोकणातल्या भातवाल्यांना तर तो ठाऊकच आहे. कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडनं माणसालाही. आवणीत हात चिरलेले असतात, त्या हातांनी चिखलाचं कुत्रं धुवायचं म्हणजे धोकाच. तेव्हापासून मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधतो, घरातली पोरं हसतात. रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोचीही टोचून घेतो. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढतो. रॉकेल नाही, काडीचा चटका नाही, भुकटी तर नाहीच. जास्त झाले तर डॉक्टर देतील ते औषध, वजन करून.

टिप्या २०१२ साली म्हातारा होऊन गेला. आता राणी आहे. गावठीच, तांबूस, आखूड केसांची. तिच्या अंगाचा चिखल लॅब्राडोरपेक्षा लवकर सुटतो, त्या बाबतीत आपलं गावठी बरं. पावसाळ्यात लेण्यांना येणाऱ्या लोकांबरोबर ती रोज वर जाते, बिस्किटं खाते आणि संध्याकाळी पोटापर्यंत लाल होऊन खाली येते.

मागच्या वर्षी मी दारापुढं पत्र्याचं छप्पर ओढलं. सहा फूट बाय दहा फूट. खाली फरशी नाही, मुरूम टाकून धुमसलेली भुई. सून म्हणाली, "मामंजी, पार्किंगला बरं झालं." मी म्हटलं, "गाडी बाहेर राहू दे, हे राणीसाठी आहे." एका कोपऱ्यात नळ, खाली मोठा दगड, खिळ्याला ब्रश, घमेलं आणि बारदान. शेजारच्या हॉटेलवाल्याकडून चुलीची राख आणून एका टोपल्यात ठेवली होती, जुनी आठवण म्हणून. राणीनं पहिल्याच रात्री टोपलं उपडं केलं आणि त्यात झोपली.

आता संध्याकाळी नातू तिचे पाय धुतो. मी कान बघतो. तिला पुढचा उजवा पाय धरलेला आवडत नाही, लहानपणी काच लागली होती, म्हणून तो शेवटी घ्यायचा. धुऊन झालं की ती दगडावरून उतरते, दोन पावलं चालते आणि नेमकी आमच्या दोघांच्या मधी उभी राहून अंग झाडते. आषाढात बारदान वाळत नाही, तीन-चार आलटून पालटून वापरावी लागतात. काल चौथंही ओलं होतं, म्हणून नातवानं माझा पंचा घेतला.